मोटारीची टांकी हळूहळू कां भरते?

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. कोंकणांतून परत येतांना आमच्या जुन्या मोटारींत पेट्रोल भरण्यासाठीं आम्ही एका पंपावर थांबलों. टांकी जवळजवळ रिकामी होती. तरीहि एक लिटर पडतो न पडतो तोंच तोटी 'खट्' आवाज करून बंद होई. असें सात-आठ वेळां झालें. पंपावरील तरुण सेवकास मीं चार कठोर शब्द ऐकविले. तो कांहीं बोलला नाहीं; त्यानें तीच तोटी शेजारच्या मोटारींत घातली, व तींत पेट्रोल अखंड धारेनें पडूं लागलें. दोष आमच्याच गाडीचा होता, हें सर्वांच्या देखत सिद्ध झालें.

विद्यार्थिमित्रहो, हा दोष समजून घेण्यासाठीं प्रथम स्वयंपाकघरांत चला. अरुंद तोंडाच्या बाटलींत नरसाळें घट्ट बसवून तेल ओतलें तर तें मध्येंच अडतें. आई नरसाळें किंचित् उचलते, आंतली हवा बाहेर निघते आणि तेल खालीं उतरतें. टांकीचेंहि तसेंच आहे. चाळीस लिटर पेट्रोल आंत जावयाचें तर तितकीच हवा व वाफ बाहेर पडली पाहिजे. कांहीं मोटारींत भरण्याच्या जाड नळीशेजारून एक बारीक नळी त्यासाठीं वर तोंडापर्यंत येते. कांहींत ही वाफ कोळशाच्या डब्यांतून जाते. हा कोळसा असंख्य सूक्ष्म छिद्रांचा असतो. तो पेट्रोलची वाफ धरून ठेवतो व हवा तेवढी बाहेर सोडतो. पुढें एंजिन चालू असतां ती वाफ त्यांत ओढली जाऊन जळते.

आतां तोटीकडे वळूं. तिच्या टोंकाजवळ एक लहान छिद्र असतें. पेट्रोल वाहत असतां आंत जें शोषण उत्पन्न होतें त्यानें ह्या छिद्रांतून सतत हवा ओढली जाते. टांकी भरून छिद्र पेट्रोलनें झांकलें कीं हवा येणें थांबतें, शोषण वाढतें, आंतील पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. तोटीला टांकी दिसत नाहीं. तिला एवढेंच कळतें कीं छिद्र झांकलें गेलें. हवेची वाट तुंबल्यामुळें पेट्रोल नळींतच वर चढलें, तरी तिला टांकी भरल्यासारखेंच वाटतें.

म्हणून प्रथम दुसऱ्या पंपावर जाऊन पाहावें. तेथें नीट भरलें तर प्रश्न मिटला. नाहींतर तोटी थोडी फिरवून, धार मंद करून पाहावें. मंद धारेनें भरतें व जोराच्या धारेनें अडतें, तर हवेची वाट अरुंद झाली आहे असा संशय घ्यावा. झांकण उघडतांना हवा जोरानें आंत शिरल्याचा फुस्कारा आला, तर संशय अधिकच बळावतो. धक्का लागून भरण्याची नळी दबली आहे काय, हेंहि पाहावें. डिझेलच्या गाडींत मात्र पुष्कळदां निव्वळ फेंसामुळें तोटी बंद पडते.

आमच्या गाडीसाठीं एका कारखान्यांत नवी टांकी बसविण्याचा सल्ला मिळाला. खर्चाचा आंकडा ऐकून मी घरीं परतलों. दुसऱ्या, वृद्ध मिस्त्रीनें गाडीखालीं शिरून कोळशाच्या डब्याची हवेची नळी सोडविली. तिच्या तोंडांत कुंभारमाशीनें मातीचें घर बांधलें होतें! ह्यांत नवल नाहीं. २०११ सालीं उत्तर अमेरिकेंत माझ्दा कंपनीनें सुमारें ६५ हजार मोटारी परत बोलाविल्या, त्या ह्याच नळींत एक जातीचा पिवळा कोळी जाळें विणीत असे म्हणून. त्यांत धोका असा कीं, बाहेरची हवा आंत न आल्यास टांकीवर ताण पडून तिला तडा जाऊं शकतो.

कोळशाचा डबा बिघडण्याचें दुसरें कारण आपलें आपणच निर्माण करतों. तोटी बंद पडल्यावरहि 'रुपये पुरे करा' म्हणून आपण आणखी पेट्रोल भरावयास सांगतों. तें पेट्रोल कधीं कधीं डब्यांत शिरतें; कोळसा भिजतो, त्याचा चुरा होऊन झडपेंत अडकतो, आणि मग डबाच बदलावा लागतो.

मुलांनीं मात्र ह्या नळ्यांत तार घालणें किंवा तोंडानें फुंकणें सर्वथा टाळावें. पेट्रोलची वाफ डोळ्यांस दिसत नाहीं. ती हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेंहि पेट घेते. मिस्त्रीनें आमचें काम उघड्या अंगणांत, एंजिन थंड झाल्यावर केलें, व त्यास अर्धा तास पुरला. त्याच आठवड्यांत मी पुन्हां त्या पंपावर गेलों. तोच सेवक होता. त्याची क्षमा मागून मीं टांकी भरून घेतली. ह्या वेळीं तोटी एकदांच बंद झाली.