जुन्या नौकेची कांती

जून महिन्याची पहिली तारीख उजाडली, की गोव्याच्या जेटींवर एक निराळीच शांतता उतरते. मालीम, कुटबण, शापोरा, खारीवाडा येथे यांत्रिक नौका एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि 31 जुलैपर्यंतचे 61 दिवस समुद्राला व माशांच्या पैदाशीला उसंत मिळते. नौकांच्या दृष्टीने मात्र हा शुश्रूषेचा काळ होय. जाळी दुरुस्त होतात, इंजिने उघडली जातात, लहान होड्या काठावर ओढून झाकल्या जातात. याच दिवसांत मालकाचे लक्ष आपल्या नौकेच्या अंगावर जाते. दहा-बारा वर्षांपूर्वी जिच्यात आपले तोंड दिसे, ती निळी किंवा तांबडी कूस आता खडूसारखी पांढुरकी झालेली असते. हात फिरवावा तर तळव्याला भुकटी लागते. ही कांती परत आणता येईल काय, आणि आणावयाची तर कोणत्या मार्गाने, हा प्रश्न अग्रलेखाच्या जागी चर्चिण्याइतका मोठा आहे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते तो तसा आहे. कारण त्यात मच्छीमाराचा पैसा, कामगाराची छाती आणि आपल्या नद्यांचे पाणी या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

आपल्या वाडवडिलांची होडी लाकडाची होती. काजूच्या टरफलांचे तेल किंवा माशांचे तेल तिच्या अंगाला चोळणे हा कुलाचारासारखा नेमाने पाळला जाणारा विधी होता. त्या तेलाने लाकूड काळेभोर दिसे, पाणी पीत नसे आणि किडीपासून वाचे. होडी अगदीच निकामी झाली, तर तिची फळी चुलीला तरी लागे, नाहीतर मातीला मिळे. काचतंतू आणि राळ यांची होडी, म्हणजे आपण जिला सरसकट ‘फायबरची होडी’ म्हणतो ती, हलकी आहे, तिला वाळवी लागत नाही, तिचे लाकूड फुगत नाही. म्हणूनच ती पारंपरिक मच्छीमारांतही रुजली. परंतु जी कुजत नाही ती मरतही नाही. तिला जाळावे तर विषारी धूर निघतो, पुरावी तर ती मातीत तशीच राहते. तेव्हा हाती असलेली होडी शक्य तितकी वर्षे कामात ठेवणे एवढाच सुज्ञ मार्ग उरतो, आणि त्या मार्गाची पहिली पायरी म्हणजे तिच्या त्वचेची निगा.

ही त्वचा कशी बनते, हे समजून घेतले पाहिजे. फायबरची होडी साच्यात बाहेरून आत अशा क्रमाने घडविली जाते. गुळगुळीत साच्याला प्रथम रंगीत राळेचा एक थर फासतात. त्यालाच कारागीर ‘जेलकोट’ म्हणतात. त्यावर काचतंतूंचे थर बसवितात आणि मग साचा दूर करतात. होडीवर जी झळाळी दिसते ती साच्याच्या गुळगुळीतपणाची छाप होय. हा थर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. ऊन त्याचा मुख्य वैरी. सूर्याचे अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू मिळून पृष्ठभागावरील राळेचे बंध तोडतात, राळ झिजते आणि तिने धरून ठेवलेले रंगद्रव्य भुकटी होऊन मोकळे पडते. पृष्ठभाग खडबडीत व सच्छिद्र झाला, की त्यात मळ आणि क्षार घर करतात, आणि प्रकाश सरळ परतण्याऐवजी चहूकडे विखुरतो. आपल्याला रंग उडाल्यासारखे दिसते ते बहुतांशी यामुळेच.

आपल्या घरातील तांब्या-पितळेच्या भांड्यांची उपमा येथे सहज सुचते, पण ती अर्धीच लागू पडते. भांड्याची कल्हई उडाली तर कल्हईवाला ती पुन्हा लावून देतो. जेलकोट साच्यात एकदाच मिळतो. आपण घासतो तेव्हा नवे काही चढत नाही. निस्तेज झालेला वरचा पापुद्रा काढून खालचा ताजा थर उघडा करतो, इतकेच. रोज चिंच-रांगोळीने घासून घासून जिची नक्षी पुसट झाली, अशी समई पुष्कळांच्या देवघरात असेल. अर्ध्या मिलिमीटरच्या ठेवीतून किती काढावे, याचा हिशेब ज्याने ठेवला नाही, तो झळाळीच्या हव्यासापायी होडीचे कवचच गमावून बसतो.

म्हणून पहिले काम परीक्षेचे. फिकट जागेवर स्वच्छ पाणी शिंपडावे. ओले असताना मूळचा रंग खुलून आला, तर खाली थर शाबूत आहे आणि कांती परत येईल, असे बहुधा समजावे. पाणी टाकूनही चट्टे तसेच राहिले, किंवा तंतूंची वीण दिसू लागली, तर थर संपत आला आहे. पाण्याखालच्या भागावर फोड आले असतील, तर तेथे पाणी आत झिरपले आहे. तो भाग उघडून, पुरता वाळवून दुरुस्त केल्याविना त्यावर चकाकी चढविणे म्हणजे गळक्या घराला चुना लावणे होय.

दुसरे काम धुण्याचे. गोड्या पाण्याने आणि सौम्य साबणाने मीठ व मळ पूर्णपणे गेला पाहिजे, नाहीतर तेच कण पुढे घासताना ओरखडे पाडतात. मांडवी आणि झुआरी यांच्या पाण्यात लोहाची माती आहे, कुजलेल्या पाल्याचा अंश आहे. त्यामुळे पाण्याच्या रेषेवर जो पिवळा-तांबूस पट्टा धरतो, तो कितीही घासला तरी जात नाही. तेथे बळ कामाचे नाही, आम्ल कामाचे आहे. तांब्याचा डाग चिंचेने जातो, तसा हा डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने जातो. मात्र हे आम्ल विषारी आहे. हातमोजे व चष्मा घालूनच ते लावावे आणि मागाहून भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. जुन्या मेणाचा थर उरला असेल तर तो अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकाने पुसून घ्यावा. त्या वेळी जवळपास विडीसुद्धा पेटू नये.

मग घासण्याचे काम, आणि चूक होते ती येथेच. मालकाला घाई असते, कारागिराला दुसरी होडी खुणावत असते, म्हणून पहिल्याच दिवशी जाडाभरडा कागद हाती घेतला जातो. नियम याच्या उलट आहे. सर्वांत मृदू साधनाने आरंभ करावा. हातभर जागेवर आधी साधे पॉलिश लावून पाहावे. ते पुरले नाही तर रबिंग कंपाऊंड घ्यावे. तेही हरले तरच पाण्यात भिजवून वापरावयाचा वॉटरपेपर काढावा. तो 600 किंवा 800 क्रमांकाचा घेतला, तर पुढे 1000, 1500 असे चढत जावे, आणि प्रत्येक पायरीवर आधीच्या कागदाचे ओरखडे मिटले की नाही हे पाहूनच पुढचे पाऊल टाकावे. बफिंगचे यंत्र वापरावयाचे तर लोकरीची गादी लावून, मंद गतीने, सतत हलते ठेवून. एका जागी थांबले की उष्णतेने थर करपतो. नाळेची धार आणि काठाचे कोपरे येथे जेलकोट पातळ असतो. ते हातानेच घासावेत.

शेवटी मेण. आपल्या तेलाची परंपरा येथे नव्या रूपाने भेटते. ज्या काजूच्या टरफलांनी आपल्या होड्या राखल्या, तो काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आपल्या किनाऱ्यावर आणला. आज फायबरच्या होडीवर जे उत्तम मेण चढते, ते कार्नौबा नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे, आणि ते झाडही ब्राझीलचेच. सावलीत, कोरड्या अंगावर मेणाचे दोन पातळ हात दिले, तर पाणी, क्षार आणि काही अंशी ऊन यांच्याशी पहिली झुंज मेण घेते आणि जेलकोट मागे सुरक्षित राहतो. आपल्या उन्हात हा लेप काही महिनेच टिकतो. म्हणून तेल चोळण्याच्या जुन्या विधीप्रमाणेच तो नेमाने पुन्हा पुन्हा दिला पाहिजे. आणि सर्वांत स्वस्त औषध कोणते म्हणाल, तर सावली. झावळ्यांच्या मांडवाखाली ठेवलेल्या होडीला घासण्याची पाळीच उशिरा येते.

थर संपलाच असेल, तर प्रायमर देऊन दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग लावणे हा प्रामाणिक उपाय आहे. परंतु त्या रंगाच्या फवाऱ्यातील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. आमच्या जेटींवर आम्ही काय पाहतो? तोंडाला गमछा गुंडाळलेली पोरे कोरड्या कागदाने होडी घासतात. संध्याकाळी त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. गमछाने राळेची धूळ अडत नाही, रंगाची वाफ तर मुळीच नाही. पाण्याखालच्या भागावर शिंपले-कालवे चिकटू नयेत म्हणून जो रंग देतात, त्यात बहुधा तांबे असते. तो कोरडा खरवडून नदीत लोटणे म्हणजे जिच्यावर पोट चालते तिच्याच तोंडी विष घालणे होय. कथिलाची सेंद्रिय संयुगे असलेला असाच एक रंग शिंपल्यांचा व गोगलगायींचा नाश करतो असे आढळल्यावर त्याविरुद्ध 2001 साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2008 साली तो अमलात आला. तेथे जगाला शहाणपण सुचावयास उशीर लागला. आपण तरी तो उशीर पुन्हा करू नये.

गोव्याच्या कारागिरांच्या हाताला गुण नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ने 2009–10 साली दिलीप दोंदे यांना एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा घडविली. लाकडी गाभ्यावर काचतंतू चढवून गोव्यातच घडलेली ‘तारिणी’ 2017 साली नौदलात आली, त्याच वर्षी सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जगाला वळसा घालावयास निघाली, आणि सात वर्षे जुनी झाल्यावर, 2 ऑक्टोबर 2024 रोजी, दिलना के. आणि रूपा ए. या दोघींना घेऊन पुन्हा त्याच वाटेला लागली. 29 मे 2025 रोजी ती गोव्याला सुखरूप परतली. नौका जुनी होणे आणि नौका निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्यामध्ये निगा उभी असते, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

परंतु नौदलाच्या नौकेला जी निगा लाभते, ती कुटबणच्या मच्छीमाराला कशी लाभावी? त्याची होडी काठावर असते ती नेमकी कोसळत्या पावसात, आणि मेण किंवा रंग यांना कोरडे अंग हवे असते. म्हणून प्रत्येक मोठ्या जेटीवर सामाईक वापराची एक झाकलेली शेड असावी, धुण्याचे पाणी नदीत न जाता टाकीत निवळावे, घासणाऱ्या मजुराला योग्य मुखवटा मिळावा, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून फायबर-दुरुस्तीचा छोटा वर्ग चालावा, ही आमची मागणी आहे. नव्या होडीच्या अनुदानाच्या तुलनेत हा खर्च अल्प आहे, आणि त्यातून वाचलेली प्रत्येक जुनी होडी म्हणजे नदीकाठचा एक सांगाडा कमी.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून नौका पुन्हा लोटल्या जातील. त्या दिवशी होडीला हार घालणाऱ्या हातांनी तिच्या कुशीवरून एकदा तळवा फिरवून पाहावा. भुकटी लागली नाही, तर पूजेचा अर्धा भाग आधीच पार पडला आहे, असे समजावयास हरकत नाही.