आकड्यांची रुजुवात

औषधाच्या पाकिटावर छापलेली मात्रा, सोबतच्या चिठ्ठीतील बारीक टाइपातला मजकूर आणि डॉक्टरांनी दिलेला भरवसा या तिहींच्या मागे एक भलेमोठे दफ्तर उभे असते. आणि ते दफ्तर ज्यांच्या हातून सिद्ध होते त्यांची गणना वैद्यांत होत नाही, संशोधकांत क्वचितच होते आणि संख्याशास्त्रज्ञांतही अर्धवटच होते. स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमर हा त्यांचा हुद्दा. रत्नागिरीसारख्या गावी तो सांगितला, की ऐकणारा सद्‌गृहस्थ एक तर घरचा बिघडलेला लॅपटॉप पुढे करतो, नाही तर सरकारी सांख्यिकी कार्यालयात वर्णी लागल्याबद्दल अभिनंदन करतो. आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण रुग्णांच्या कच्च्या नोंदींपासून निष्कर्षाच्या तक्त्यापर्यंतचा सारा हिशेब ज्याच्या आज्ञावलीतून होतो, त्याचे नाव त्या तक्त्यावर कोठेच नसते. या व्यवसायाचे मर्म सांगण्यासाठी परदेशातील एखाद्या अब्जावधी डॉलरांच्या औषधाकडे जाण्याचे कारण नाही. कोकणातच त्याचा उत्तम दाखला आहे.

भातकापणीच्या दिवसांत आणि उन्हाळ्यात पेंढ्याखाली, लाकूडफाट्यात व जांभ्याच्या गडग्यांच्या फटींत दडून बसणारा लाल विंचू रत्नागिरी-रायगडच्या शेतकऱ्याला नवा नाही. त्याच्या विषाने शरीरातील स्वायत्त मज्जासंस्था एकाएकी खवळते. घाम आणि लाळ अनावर होते, हातपाय गार पडतात, रक्तदाब प्रथम चढतो व पुढे कोसळतो, आणि हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरले, की रोगी, विशेषतः लहान मूल, दगावण्याची भीती असते. रत्नागिरीहून मुंबईच्या वाटेला लागून कशेडीचा घाट व पोलादपूर ओलांडल्यावर जे महाड लागते, तेथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाच्या अभ्यासात आयुष्य वेचले. या दंशाच्या हृदयविषयक पूर्वलक्षणांवरील त्यांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध येथे जीवनदायी ठरते हे प्रतिपादन १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मध्यंतरी हाफकिनची विंचूप्रतिविष लस उपलब्ध झाली होती, तेव्हा प्रश्न असा उरला, की प्राझोसिन एकटे पुरे, की त्याच्या जोडीला लसही हवी?

या प्रश्नाचा निवाडा अनुभवाच्या अधिकारवाणीने करता आला असता, परंतु डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तो चाचणीने केला, आणि तिचा वृत्तांत २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. दुसऱ्या श्रेणीची विषबाधा झालेले, म्हणजे लक्षणे उघड दिसत असली तरी हृदय, फुप्फुसे व मेंदू यांना अद्याप धक्का न पोचलेले ७० रुग्ण घेतले. कोणाला काय द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेने ठरविले. ३५ जणांना लस व प्राझोसिन, ३५ जणांना केवळ प्राझोसिन मिळाले. औषध दिल्यानंतर १० तासांनी सारी लक्षणे निवळलेले रुग्ण पहिल्या गटात ३२ भरले आणि दुसऱ्यात ८. पूर्ण बरे होण्यास पहिल्या गटाला सरासरी ८ तास लागले आणि दुसऱ्याला १७.७. मात्र प्रकृती वरच्या श्रेणीपर्यंत बिघडण्याच्या बाबतीत, ४ विरुद्ध ५ अशी, नाव घेण्याजोगी तफावत आढळली नाही, आणि तेही निबंधात नमूद आहे.

वाचक येथे समाधानाने पान उलटतो. प्रोग्रॅमरचे काम येथे सुरू होते. हे ३२ आले कोठून? घाम थांबला पण तळवे गारच राहिले, तर तो रुग्ण बरा धरावा काय? दहा तासांची मोजणी सुई टोचल्यापासून, की रुग्ण दारात आल्यापासून? एखाद्याने सहाव्या तासालाच घरचा रस्ता धरला, तर त्याला ३५ मधून वगळावे की ठेवावे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर संकेताने ठरलेले आहे: ज्याला ज्या गटात नेमले त्याची गणना अखेरपर्यंत त्याच गटात करावयाची, कारण गैरसोयीचे रुग्ण गळत गेले, तर कोणतेही औषध गुणकारी दिसू लागते. महाडच्या चाचणीतही विश्लेषण याच तत्त्वाने झाले होते. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे, निकालाचे तोंड पाहण्यापूर्वी, विश्लेषणाच्या लेखी आराखड्यात तपशीलवार द्यावी लागतात; आणि त्या आराखड्यातील प्रत्येक वाक्याचे आज्ञावलीत रूपांतर करणे हे प्रोग्रॅमरचे मुख्य कर्तव्य होय.

औषधकंपन्यांच्या मोठ्या चाचण्यांत शेकडो रुग्णालयांतून नोंदी येतात. परिचारिकेने मोजलेला रक्तदाब प्रथम संगणकावरील नमुन्यात भरला जातो. तेथे ८० ऐवजी ८०० पडले, तर क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, निघते, रुग्णालयाकडून खुलासा येतो आणि दुरुस्ती होते. परंतु तलाठ्याच्या दफ्तरी पूर्वी ज्याप्रमाणे सातबारावरील जुने नाव खोडून न टाकता त्याला कंस करीत आणि फेरफाराचा क्रमांक घालून नवे नाव चढवीत, त्याचप्रमाणे येथेही जुना आकडा कायम राहतो व तो कोणी, केव्हा आणि का बदलला याची नोंद त्याच्या सोबत चालते. मग या कच्च्या नोंदी सीडिस्क या संस्थेने आखून दिलेल्या साच्यांत बसवाव्या लागतात. १९९७ साली सुरू झालेल्या या उपक्रमामुळे हे साचे पाळणाऱ्या कोणत्याही चाचणीत रुग्णाची मूलभूत माहिती ‘डीएम’मध्ये, अनिष्ट परिणाम ‘एई’मध्ये आणि रक्तदाब-नाडी ‘व्हीएस’मध्ये सापडते, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर १७ डिसेंबर २०१६ नंतर सुरू झालेल्या चाचण्यांना हे साचे सक्तीचेच केले. या पहिल्या थराला एसडीटीएम म्हणतात; त्यातून विश्लेषणाला थेट उपयोगी पडणारा ॲडॅम नावाचा दुसरा थर सिद्ध होतो, आणि त्यातून अखेरचे तक्ते, याद्या व आलेख. तक्त्यातील कोणत्याही आकड्यावर बोट ठेवले असता उलट्या पावली चालत त्या रुग्णाच्या खाटेपाशी पोचता आले पाहिजे, हा या साऱ्या व्यवस्थेचा हेतू.

या वाटेवर ठेच लागण्याच्या जागा किती सूक्ष्म असतात, याचा नमुना पाहावा. या धंद्यात दीर्घकाळ प्रमाण मानली गेलेली सॅस ही प्रणाली उत्तर कॅरोलिनातील विद्यापीठात जन्मली आणि १९७६ साली तिची स्वतंत्र कंपनी झाली. तिची कालगणना १ जानेवारी १९६० या दिवसाला शून्य मानून चालते, आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस तिच्या लेखी केवळ १२१ हा आकडा असतो. ही झाली गंमत. पण जेथे रक्तदाबाची नोंदच झालेली नाही, ती रिकामी जागा सॅस सर्व संख्यांहून लहान समजते. ‘९०पेक्षा कमी असल्यास रक्तदाब कोसळला असे माना’ एवढीच आज्ञा एखाद्या उमेदवाराने लिहिली, तर ज्यांचा रक्तदाब मोजलाच नाही असे सर्व रुग्ण निमूटपणे अत्यवस्थांच्या यादीत जाऊन बसतात. यंत्र तक्रार करीत नाही, तक्ता नीटनेटका छापून येतो, आणि एका औषधाच्या माथी नसता दोष बसतो.

दुसरा नमुना महाडच्याच आकड्यांचा. ३५ पैकी ३२ म्हणजे ९१.४ टक्के; परंतु ७० रुग्णांच्या अनुभवावरून पुढच्या हजारोंविषयी बोलावयाचे, तर या टक्केवारीभोवती अनिश्चिततेची हद्द आखणे प्राप्त आहे. महाविद्यालयात शिकविले जाणारे सोपे सूत्र येथे लावले असता वरची मर्यादा १००.७ टक्के येते; म्हणजे शंभरांतले शंभराहून अधिक रुग्ण बरे होतील असा चमत्कार कागदावर घडतो. गट लहान आणि प्रमाण शंभराच्या जवळ असले, की ते सूत्र असे दगा देते. ॲलन ॲग्रेस्टी व ब्रेंट कूल यांनी १९९८ साली सुचविलेली रीत अशी, की मूळ संख्यांत सुमारे दोन यशे व दोन अपयशे कल्पनेने मिळवावीत आणि मग तेच सूत्र वापरावे. प्रस्तुत लेखकाने त्या रीतीने हिशेब ताडून पाहिला, तेव्हा ७६.९ ते ९७.८ अशी हद्द आली, आणि छापील निबंधातही दशांशासकट तीच आहे. दुसऱ्या गटाची ११.८ ते ३९.३ हीही जुळली.

परक्याच्या आकड्याची अशी रुजुवात करणे ही या व्यवसायातली हौस नव्हे, तो शिरस्ता आहे. महत्त्वाच्या तक्त्यांसाठी दोन प्रोग्रॅमर नेमतात. दुसऱ्याने पहिल्याची आज्ञावली पाहावयाची नाही, केवळ आराखडा वाचून स्वतंत्रपणे तोच आकडा काढावयाचा. मग दोन्ही उत्तरांचा मुकाबला यंत्राकडून करून घेतात, आणि ‘नो अनइक्वल व्हॅल्यूज वेअर फाउंड’ ही ओळ उमटली म्हणजेच तक्ता पुढे सरकतो. जेव्हा ती उमटत नाही, तेव्हा बहुधा दोघांपैकी कोणीही मूर्ख नसतो. आराखड्यातले एखादे वाक्य दोन अर्थांनी वाचता येत होते एवढेच उघडकीस येते, आणि त्या वाक्याची दुरुस्ती हाच त्या दुहेरी श्रमाचा खरा लाभ असतो.

मनुष्यस्वभावावर अविश्वास दाखविण्याची ही परंपरा जुनी आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीत ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १०७ क्षयरोग्यांची वाटणी मोहोरबंद लिफाफ्यांनी केली होती, ती डॉक्टरांच्या सद्भावनेपासूनही निकालाला वाचविण्यासाठी. आपल्या देशात १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासाने, क्षयरोग्याने घरी राहून घेतलेले औषध सॅनिटोरियमच्या तोडीचे ठरते हे दाखवून दिले आणि जगभरची समजूत पालटली. आज लिफाफ्यांची जागा संगणकाने घेतली आहे. ज्या चाचणीत औषध गुप्त ठेवलेले असते, तेथे प्रोग्रॅमर बनावट गट घालून आज्ञावल्या तयार ठेवतो, आणि डेटाबेस लॉक झाल्यावर, म्हणजे नोंदींतील फेरबदल बंद झाल्यावरच, खरे गट उघडतात. महाडच्या चाचणीत औषध झाकलेले नव्हते. कोणाला लस दिली हे तपासणाऱ्याला ठाऊक असल्याने तिच्या निष्कर्षाचा हा उणा भाग लक्षात ठेवूनच तो वाचला पाहिजे. भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ साली उघडली, १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली, आणि २०१९ मध्ये नवे नियम आले. यामुळे निकाल नावडता निघाल्यास चाचणीच दडपून टाकण्याची सोय बरीच कमी झाली.

या विद्येचे महाराष्ट्रातील मोठे ठाणे पुणे. तेथील विद्यापीठात १९५३ साली वि. शं. हुजूरबाजार यांच्या नेतृत्वाखाली संख्याशास्त्राचा विभाग उभा राहिला, आणि त्याच्या विद्यार्थ्यांना पुढे औषधचाचण्यांच्या कंपन्यांतून वाव मिळाला. सायरस मेहता व नितीन पटेल यांनी १९८३ साली लहान गटांसाठी अचूक शक्यता काढण्याची एक जलद पद्धती प्रसिद्ध केली, १९८७ मध्ये अमेरिकेत सायटेल ही कंपनी काढली, आणि तिचीही शाखा पुण्यात आली. अलीकडे घरून काम करण्याची मुभा मिळाल्याने रत्नागिरीतील मुलगी माळनाक्यावरील आपल्या खोलीत बसूनही हे काम करू शकते. तिच्या यंत्रावर रुग्णाची एकही नोंद उतरत नाही, ती सारी दूरच्या सर्व्हरवर असते. रुग्णाचे नावही तिला कळत नाही, कळतो तो केवळ त्याचा क्रमांक. आणि आषाढात वीज गेली तर इन्व्हर्टरची तरतूद मात्र तिची तिलाच करावी लागते. पगार बरा, प्रसिद्धी शून्य, आणि अंगी बाणवावा लागतो तो गुण एकच, की स्वतःच्या उत्तरावर सर्वांआधी आपण संशय घ्यावा.

ज्या विद्यार्थ्याला हा गुण आपल्यात आहे की नाही हे पाहावयाचे असेल, त्याला महागड्या प्रणालीची आवश्यकता नाही. आर ही भाषा विनामूल्य मिळते, आणि वर दिलेला हिशेब तर कागद-पेन्सिलीनेही होतो. ३२ मध्ये २ मिळवावे, ३५ मध्ये ४, आणि पाठ्यपुस्तकातले सूत्र लावावे, उत्तर ७६.७ ते ९७.७ च्या आसपास येईल. ते छापील आकड्याशी तंतोतंत का जुळत नाही, हे ज्याला शोधावेसे वाटेल तो या कामाला योग्य. आणि त्या ओघात या लेखातच एखादी चूक सापडली तर ती त्याने संपादकांना अवश्य कळवावी, कारण या धंद्यात तफावत दाखवून देणाऱ्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही.