नवी ट्रॉली पारखून घ्या, ट्रॅक्टरला जुळवून घ्या

कापूस वेचणी सुरू झाली की बोदवड, जामनेर, मुक्ताईनगर या भागात ट्रॅक्टरला नांगरापेक्षा ट्रॉलीचेच काम जास्त असते. शेतातून घरी कापूस, घरून बाजार समितीत मका आणि हरभरा, उन्हाळ्यात शेणखत, मधल्या काळात मुरूम आणि विटा. वर्षभराचा हिशेब मांडला तर ट्रॅक्टरचे निम्म्याहून अधिक तास वाहतुकीत गेलेले बऱ्याच शेतकरी बंधूंना आढळून येईल. असे असूनही ट्रॅक्टर घेताना चार गावे फिरणारा शेतकरी ट्रॉली मात्र जवळच्या वर्कशॉपमध्ये 'पाच टनी बनवून द्या' एवढे सांगून मोकळा होतो. पाच टन हा आकडा कशाचा, ट्रॉलीच्या साट्याचा, अॅक्सलचा की टायरचा, हे ना घेणारा विचारतो ना देणारा सांगतो.

प्रथम साट्याचा विचार करू. १० फूट लांब, ६ फूट रुंद व २ फूट उंच फळ्यांच्या साट्याचे माप १२० घनफूट, म्हणजे १.२ ब्रास होते. यात सैल कापूस काठोकाठ भरला तरी तो साधारण ३ ते ४ क्विंटलच बसतो. मका भरला तर सुमारे २४ क्विंटल. तोच साटा मुरमाने भरला तर वजन ५० क्विंटलच्या पुढे जाते. साटा एकच, वजन मात्र पंधरा पटींनी वेगळे. म्हणून 'ट्रॉली भरली' याला काही अर्थ नाही, किती वजन भरले ते महत्त्वाचे. कापसासाठी बांबू बांधून उंची वाढवलेली ट्रॉली वजनाने हलकी असते, पण तिचा तोल वर गेलेला असतो व वळणावर ती कलंडते. मुरमाची ट्रॉली दिसायला ठेंगणी असते, पण अॅक्सल, टायर आणि ब्रेक यांचा जीव तीच काढते.

भुईकाट्यावर अर्धा तास

ट्रॅक्टर व ट्रॉलीची जोडी जुळते की नाही हे अश्वशक्तीवरून ठरत नाही, वजनावरून ठरते. हे वजन काढण्यासाठी खास उपकरण लागत नाही. जिनिंगचा किंवा बाजारातील भुईकाटा पुरेसा आहे. काट्यावर गर्दी नसेल अशी वेळ पाहून पुढीलप्रमाणे वजने घ्यावीत. एक, नुसत्या ट्रॅक्टरचे पूर्ण वजन. दोन, ट्रॅक्टरची फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून. तीन, माल भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टरसह सर्व वजन. चार, ट्रॉली जोडलेलीच ठेवून फक्त ट्रॉलीची चाके काट्यावर. पाच, त्याच स्थितीत फक्त ट्रॅक्टरची पुढची चाके.

उदाहरणादाखल दोन चाकी ट्रॉलीचे आकडे घेऊ. नुसता ट्रॅक्टर १९०० किलो, पैकी पुढच्या चाकांवर ७२०. रिकामी ट्रॉली १३०० किलो आणि माल ४० क्विंटल, म्हणजे भरलेली ट्रॉली ५३०० किलो. सर्व मिळून ७२०० किलो. फक्त ट्रॉलीच्या चाकांवर ४७०० भरले. ७२०० मधून ४७०० गेले, राहिले २५०० किलो. हे ट्रॅक्टरच्या चारही चाकांवरचे वजन. ट्रॅक्टर स्वतः १९०० चा, म्हणजे उरलेले ६०० किलो ट्रॉलीने हुकावर टाकले आहेत. हे वजन मागच्या धुरीच्या मागे पडत असल्याने पुढची चाके उचलू पाहतात. पाचव्या वजनात पुढची चाके ५३० भरली, म्हणजे १९० किलोने हलकी झाली.

आता कसोटी अशी : जोडणीनंतर पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या मूळ वजनाच्या किमान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे. येथे तो ३८० किलो येतो व आपल्याकडे ५३० आहेत, म्हणून जोडी चालेल. तो कमी भरत असेल तर पुढे वजने लावावीत किंवा माल कमी करावा. पुढचे चाक हलके झालेला ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर त्रास देत नाही. तो वळणावर स्टेअरिंग ऐकत नाही आणि चढावर पुढून उचलला जातो.

याउलट माल ट्रॉलीच्या मागच्या भागात जास्त भरला तर हुकावर वजन पडण्याऐवजी ट्रॉली हूकच वर उचलू लागते. मग मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॅक्टर जागेवर चाके फिरवीत राहतो. पोती भरताना हमाल सहसा मागून चढतात व मागेच रचतात. तेथे मालकाने उभे राहून पहिले थर पुढच्या निम्म्या भागात लावून घ्यावेत.

ओढ किती लागते?

डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढण्यास तिच्या वजनाच्या ढोबळमानाने ३ टक्के, कोरड्या गाडवाटेवर ६ टक्के आणि ओल्या काळ्या जमिनीत २० टक्के किंवा त्याहूनही जास्त ओढ लागते. वरील ५३०० किलोच्या ट्रॉलीसाठी ही ओढ अनुक्रमे १६०, ३२० व १०६० किलो येते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर आता १९७० किलो आहेत. कोरड्या कठीण जमिनीवर चाकाला या वजनाच्या साधारण ६० टक्के, म्हणजे ११८० किलोपर्यंत पकड मिळते. ओल्या काळ्या रानात मात्र ती ३० टक्क्यांवर, म्हणजे ५९० किलोवर येते. १०६० ची गरज व ५९० ची पकड! येथे ३५ ऐवजी ५० अश्वशक्तीचे इंजिन बसवले तरी चाक तेथेच फिरेल, फक्त खड्डा लवकर पडेल. माल निम्मा केला तरी भागत नाही, कारण माल कमी झाला की हुकावरचे वजन व त्याबरोबर पकडही कमी होते. अशा वेळी वापसा येईपर्यंत थांबणे किंवा बांधापर्यंत माल बैलगाडीने आणणे हाच मार्ग आहे. दुसऱ्या ट्रॅक्टरने साखळी लावून ओढण्यात पिना आणि माणसे दोन्ही जातात.

चढाचा हिशेब वेगळा धरावा. आठ फुटांत एक फूट चढणारा नाल्याचा काठ असेल तर एकूण ७२०० किलोंचा आठवा हिस्सा, म्हणजे ९०० किलो ओढ वाढते. गाडवाटेची ३२० मिळवली की १२२० होतात. पकड ११८० ची. म्हणजे कोरड्या दिवसातही ही जोडी तो काठ चढणार नाही, आणि क्लच झटक्याने सोडून चढवण्याचा प्रयत्न केला तर पुढचा भाग उचलून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर येऊ शकतो. यासाठीच ट्रॉली नेहमी खालच्या पक्क्या हुकालाच जोडावी. वरच्या लिंकला किंवा लिफ्टच्या उंच बांधलेल्या पट्टीला ट्रॉली जोडणे म्हणजे ट्रॅक्टर स्वतःच्या हाताने उलटवणे होय. ट्रॅक्टरची ओढण्याची ताकद किती याचे मोजलेले आकडे मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालात मिळतात. आपल्या मॉडेलचा अहवाल विक्रेत्याकडे मागावा.

ओढण्यापेक्षा थांबवणे अवघड आहे, आणि याकडे कोणीच पाहत नाही. बहुतेक दोन चाकी ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, सगळे वजन ट्रॅक्टरची मागची दोन चाके थांबवतात. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा नुसता ट्रॅक्टर ब्रेक लागल्यावर सुमारे ४ मीटरमध्ये थांबतो. वरील भरलेली ट्रॉली मागे असता त्याला १० मीटर लागतात, आणि वीस फुटांत एक फूट अशा सौम्य उतारावर १४. वेग ३० केला तर उतारावर हेच अंतर ३० मीटरवर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नये आणि रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांस अडकवलेली असावीत. नवी ट्रॉली बनवून घेताना ब्रेकसह मागावी. खर्च वाढतो हे खरे, पण मुरूम-विटा वाहणाऱ्याने तरी तो टाळू नये.

रंग देण्यापूर्वी पाहा

ट्रॉली तयार झाल्याचा निरोप आल्यावर नव्हे, तर रंग देण्यापूर्वी वर्कशॉपमध्ये जावे. रंग आणि लांबी यांखाली सर्व काही झाकले जाते. वेल्डिंगचा टाका सलग असावा. ठिकठिकाणी ठिपके देऊन मधली जागा लांबीने भरलेली असेल तर ती पुन्हा करून घ्यावी. हूक व लांब दांडा जेथे चॅनेलला मिळतो आणि अॅक्सल जेथे चॅनेलला बसतो, ही दोन ठिकाणे निरखून पाहावीत. ट्रॉली तुटते ती बहुधा येथेच.

त्यानंतर एक दोरी घ्यावी. हुकाच्या कडीच्या मध्यापासून डाव्या चाकाच्या हबपर्यंत आणि तेथून उजव्या हबपर्यंत अंतर मोजावे. दोन्ही सारखी भरली पाहिजेत. अर्ध्या इंचाचा फरक असेल तर अॅक्सल तिरका बसला आहे, ट्रॉली एका बाजूला ओढत चालेल व टायर एका सिझनमध्ये झिजतील. चाक जॅकवर उचलून हाताने हलवून पाहावे. खडखड वाजले तर बेअरिंग सैल आहे. चाक फिरताना कुरकुर झाली तर ग्रीस नाही किंवा बेअरिंग जुनी आहे.

पत्र्याबाबत गेजची भाषा चालते. १० गेज म्हणजे ३.२५ मिलिमीटर, १२ गेज २.६४ आणि १४ गेज २.०३. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे पुष्कळांना उलटे वाटते. १० बाय ६ फुटांचा तळ १० गेजचा असेल तर त्याचे वजन १४० किलोच्या आसपास भरते, १४ गेजचा असेल तर ९० किलोच भरते. भुईकाट्यावर रिकामी ट्रॉली तोलून घेण्याचा हाही एक फायदा आहे.

नवीन ट्रॉलीला जुने, रिमोल्ड केलेले टायर बसवून देण्याची पद्धत सर्रास आहे. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा कोरलेला असतो, त्यातील पहिले दोन अंक आठवडा व नंतरचे दोन वर्ष दाखवतात. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. तेथेच टायर किती वजन घेऊ शकतो तेही लिहिलेले असते. आपल्या उदाहरणात ट्रॉलीच्या दोन चाकांवर ४७०० किलो येतात, म्हणजे प्रत्येक टायर किमान २३५० किलो वजनाचा हवा. ट्रॉलीची क्षमता किती या सुरुवातीच्या प्रश्नाचे खरे उत्तर अनेकदा या टायरवरच लिहिलेले सापडते.

मागे लाल रिफ्लेक्टर, दिवे, जाड पिनेला निसटू न देणारी खीळ आणि तिच्याखेरीज वेगळी सुरक्षा साखळी असावी. कापूस भरणार असाल तर ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला ठिणगीरोधक जाळी बसवून घ्यावी. उंच रचलेल्या कापसाला गावातील लोंबत्या विजेच्या तारांचाही धोका असतो. ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी परिवहन कार्यालयात करून विम्यात ती दाखवावी. मालावर मजूर बसवून आणण्याची सवय विम्याच्या वेळी सर्वात महाग पडते.

ट्रॉली ताब्यात घेतल्यावर पहिली खेप निम्म्या मालाची करावी. परत येताच हात हबवर ठेवून पाहावा. हात ठेववत नसेल इतका हब तापला असेल तर बेअरिंग जास्त आवळली आहे. नवीन चाकांचे नट पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये सैल पडतात, ते पान्याने पुन्हा आवळावेत आणि आठवड्याने आणखी एकदा.