सहसंबंध गुणांक (वर्तनविज्ञान)

सहसंबंध गुणांक ही दोन चलांमधील संबंधाची दिशा व तीव्रता दर्शविणारी संख्या होय. तिचे मूल्य −१ ते +१ या दरम्यान असते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८८ मध्ये मांडलेल्या या कल्पनेला कार्ल पिअरसन यांनी १८९६ मध्ये गणिती रूप दिले. वर्तनविज्ञानातील मापने अनेक प्रकारची असल्याने एकच गुणांक सर्वत्र लागू पडत नाही.

गुणांकाची निवड

दोन्ही चले सलग अंकांत मोजलेली असून संबंध सरळ रेषेसारखा असल्यास पिअरसन यांचा गुणांक वापरतात. निरीक्षणे केवळ क्रमाने लावता येत असल्यास, किंवा एक चल वाढताना दुसरे सातत्याने पण वक्ररेषेत वाढत वा घटत असल्यास, मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांचा क्रम-सहसंबंध गुणांक (१९०४) योग्य ठरतो. नमुना लहान असल्यास अथवा समान क्रम पुष्कळ असल्यास मॉरिस केंडॉल यांचा टाउ (१९३८) सोयीचा असतो. दोन्ही चले ‘होय–नाही’ स्वरूपाची असल्यास फाय गुणांक काढतात.

अर्थनिर्णयन

गुणांक ही टक्केवारी नव्हे. पिअरसन गुणांक ०.५ असल्यास त्याचा वर्ग ०.२५ येतो, म्हणजेच एका चलातील २५ टक्के विचलन दुसऱ्या चलाशी असलेल्या रेषीय संबंधाने स्पष्ट होते. जेकब कोहेन यांनी ०.१, ०.३ व ०.५ ही मूल्ये अनुक्रमे लहान, मध्यम व मोठ्या संबंधाची निदर्शक मानली. मात्र ती सर्व विषयांना सरसकट लावता येत नाहीत. मोठ्या नमुन्यात अगदी क्षीण संबंधही सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय ठरू शकतो.

मर्यादा

चाचण्यांची विश्वसनीयता कमी असल्यास गुणांक घटतो. खरा सहसंबंध ०.५ आणि दोन चाचण्यांची विश्वसनीयता ०.७ व ०.८ असल्यास निरीक्षित मूल्य सुमारे ०.३७ येते. केवळ निवड झालेल्या विद्यार्थ्यांचे गुण तपासल्यास गुणांची व्याप्ती आकुंचित होते व प्रवेश परीक्षा निरुपयोगी असल्याचा भास होऊ शकतो. ताण वाढताना कामगिरी आधी सुधारत व नंतर ढासळत असेल, तर घनिष्ठ संबंध असूनही पिअरसन व स्पिअरमन हे दोन्ही गुणांक शून्याजवळ येऊ शकतात. फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये दिलेल्या चार आधारसामग्री-संचांत गुणांक जवळजवळ सारखाच, सुमारे ०.८२, आहे; आलेख मात्र पूर्णतः भिन्न आहेत. म्हणून गुणांक काढण्यापूर्वी निरीक्षणे बिंदूंच्या आलेखावर मांडून पाहणे आवश्यक असते. सहसंबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.