दुधाचा दर संगणकात कुठे राहतो?

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रांवर कॅन येऊ लागतात. वजनकाटा आणि फॅट मशिन संगणकाला जोडलेले असले की क्षणात पावती निघते. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांना) धरून सांगितला जातो. त्याखाली प्रत्येक पॉइंटला किती कपात, हे मात्र खरेदीदारागणिक बदलते. म्हणून असे आकडे प्रोग्रॅममध्ये पक्के बसवू नयेत. ते सेटिंगमध्ये ठेवले, की दर बदलल्यावर तेवढेच बदलता येतात.

पण सेटिंगची जागा सगळीकडे सारखी नाही. विंडोजमध्ये ती बहुधा रजिस्ट्री नावाच्या नोंदसाठ्यात असते, लिनक्समध्ये वापरकर्त्याच्या लपवलेल्या कॉन्फिग फोल्डरात, अँड्रॉइडवर ॲपच्या खासगी जागेतल्या एक्सएमएल फाइलमध्ये. काट्याचे पोर्टसुद्धा विंडोजवर ‘कॉम ३’ असेल, तर लिनक्सवर ‘टीटीवाय यूएसबी ०’.

हा फरक प्रोग्रॅमच्या वाट्याला येऊ नये म्हणून मध्ये लायब्ररी असते. प्रोग्रॅमने फक्त नाव घ्यायचे, मूल्य शोधून आणायचे काम तिचे. नॉर्वेत जन्मलेल्या ‘क्यूटी’ या प्रोग्रॅमिंग संचातले ‘क्यूसेटिंग्ज’ हेच करते. ते आधी वापरकर्त्याची सेटिंग पाहते; तिथे नसेल तर सगळ्या संगणकासाठी ठेवलेली. दरपत्रक सर्वांसाठी एक आणि प्रिंटर ज्याचा त्याचा, अशी सोय त्यातून होते.

खरी जोखीम मात्र लायब्ररीच्या या शोधण्यातच आहे. नाव सापडले नाही तर लायब्ररी गप्प राहून आधी दिलेले पर्यायी मूल्य पुढे करते. जावा भाषेच्या २००२ मधल्या ‘प्रेफरन्सेस’ या सेटिंग-लायब्ररीत तर मूल्य वाचताना असा पर्याय द्यावाच लागतो. आणि नाव न सापडायला क्षुल्लक कारणही पुरते. विंडोजची रजिस्ट्री इंग्रजी नावातली लहान-मोठी अक्षरे एकच धरते. अँड्रॉइड त्यांना वेगळी मानतो. विंडोजवर नीट चाललेला प्रोग्रॅम अँड्रॉइड टॅबवर नेला आणि नावातले एकच अक्षर मोठ्याचे लहान झालेले असले, तर दर सापडणार नाही. चूक झाल्याची सूचनाही येणार नाही. पर्यायी मूल्याने हिशेब होईल आणि पावती नेहमीसारखीच दिसेल.

पोर्टसाठी पर्यायी मूल्य चालते, कारण ते चुकले तर वजनच येत नाही आणि लगेच कळते. दरासाठी ते ठेवूच नये, असे माझे ठाम मत आहे. दर मिळाला नाही तर प्रोग्रॅमने थांबावे, पावती छापू नये. आणि मिळाला, तर तो कोणत्या जागेतून वाचला हे केंद्रचालकाला पडद्यावर दिसावे.