मेंदूचे चित्र आणि जामखेडची वाट

धट्ट्याकट्ट्या माणसाचा उजवा हात महिन्याभरात लुळा पडू लागतो, बोलणे अडखळते, ताटातली अर्धी भाकरी दिसेनाशी होते. घरची माणसे म्हणतात, अंगावरून वारे गेले. कोणी देवऋष्याकडे नेतो. पण वारे घटकेत जाते. हा आजार आठवड्या-आठवड्याने पुढे सरकतो. निदानाचा पहिला धागा या फरकातच आहे.

वीजतारेवरील वेष्टणासारखे मेंदूच्या तंतूंवर मायलिनचे आवरण असते. ते तयार करणाऱ्या पेशीच जेसी नावाचा विषाणू मारतो. १९७१ साली ज्या रुग्णाच्या मेंदूतून तो वेगळा करण्यात आला, त्याच्याच नावाची आद्याक्षरे विषाणूला चिकटली. (कीर्ती मिळण्याची ही रीत हेवा करण्याजोगी नव्हे.) निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो निमूट पडून असतो. एड्सने, रक्ताच्या कर्करोगाने किंवा प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांनी शरीराचा पहारा ढिला झाला, की तो मेंदू गाठतो.

सीटी स्कॅनमध्ये तेथे पुसट काळसरपणा दिसतो, प्रारंभी कधी तोही नाही. एमआरआयच्या ठरावीक चित्रांत मात्र मेंदूच्या श्वेतभागात शुभ्र डाग उमटतात. ते बहुधा दोन्ही बाजूंना, परंतु असमान असतात आणि करड्या थराला जाऊन भिडतात. शेजारचा भाग ढकलला जात नाही, शिरेतून औषध सोडले तरी डाग सहसा उजळत नाहीत. क्षयाची गाठ वा टॉक्सोप्लाझ्माचा गळू यांत प्रायः याच्या उलट आढळते. हा भेद नुसता पांडित्याचा नव्हे. त्या दोहोंवर थेट औषध आहे, जेसी विषाणूवर नाही. मणक्यातील पाण्यात त्याचा अंश सापडला, की निदान पक्के होते. मग एचआयव्हीबाधिताला आधार उरतो तो प्रतिकारशक्ती सावरणाऱ्या एआरटी औषधांचा. ती २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

चित्र वाचणे तज्ज्ञाचे काम खरे; पण रुग्णाला यंत्रापर्यंत धाडावयाचे कोणी? डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला कार्य आरंभिले, तेव्हा गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका केले. १९७९ साली त्या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या सेविका कुष्ठरोगाचा बधिर चट्टा ओळखावयास शिकल्या, त्यांना हळूहळू दुबळा होणारा हात ओळखता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

खरी अडचण लाजेची आहे. एचआयव्हीची गोष्ट कुटुंब दडविते आणि चित्र पाहणारा डॉक्टर अंधारात चाचपडतो. रुग्णाबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीवर तीन गोष्टी, त्याच्या संमतीने, अवश्य असाव्यात: हात कधीपासून गळाला, कोणती औषधे चालू आहेत आणि रक्ततपासणीत काय आले.