गार हात आणि रक्तदाबाची गोळी

थंडी पडू लागली की सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो : ‘प्रेशरच्या गोळीने रक्त पातळ होतं, म्हणून हात गार पडतात का?’ मीही गोळी घेणाऱ्यांपैकीच, म्हणून या प्रश्नाच्या मुळाशी जावेसे वाटले.

रक्तदाबाच्या गोळीने रक्त पातळ होत नाही. बदल होतो तो रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या कामात. थंडी लागताच मेंदूकडून चेतातंतूंमार्फत हुकूम सुटतो. नॉरअॅड्रिनलीन हे द्रव्य त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळते. शरीराच्या आतले सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमान राखण्यासाठी बोटांचे रक्त तोडले जाते. वाट अरुंद झाली की दाब वाढतो. म्हणूनच अनेकांचा रक्तदाब उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त भरतो.

आता गोळी. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे औषध घडवले. १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले. हे ‘बीटा-ब्लॉकर’ हृदयाची गती आणि जोर कमी करते. शिवाय रक्तवाहिन्या सैल करणारे बीटा-२ रिसेप्टरही अडवते. आवळणारे मात्र मोकळेच राहतात. परिणामी बोटे गारठतात. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांचा रोख मुख्यतः हृदयावर असतो, तरी हातपाय गार पडण्याची तक्रार त्यांच्यातही आढळते.

अॅम्लोडिपिनची तऱ्हा उलटी. ते रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम शिरण्याला आडकाठी करते, त्यामुळे वाहिन्या सैलावतात. काहींचे घोटे सुजतात ते यामुळेच. त्याच घराण्यातले निफेडिपिन तर ‘रेनो’ विकारात, म्हणजे थंडीने बोटे पांढरी-निळी पडतात तेव्हा, उपचार म्हणून देतात. मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्याने तो विकार १८६२ साली वर्णिला होता.

तेव्हा ‘प्रेशरची गोळी’ हे एका औषधाचे नाव नव्हे. एक बोटे गारठवते, दुसरी ऊब देते. हा भेद जिवाशी गाठ घालणारा आहे, कारण हात गार पडतात म्हणून कोणी बीटा-ब्लॉकर एकाएकी थांबवले, तर दबलेले हृदय उसळते; छातीत कळ, क्वचित हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. तेही नेमके दाब वाढण्याच्या ऋतूत. गोळी बदलता येते, मात्रा हळूहळू उतरवता येते. पण ते डॉक्टरांना विचारून. तोवर हातमोजे, पायमोजे आहेतच.